एका संगणकावर अनेकांचें काम

मराठवाड्यांतील शेतकऱ्यास सामायिक विहीर म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागत नाहीं. विहीर एक, धनी चार. मोट गेली आणि तिच्या जागीं विजेचा पंप आला, तरी पाळी कायम राहिली. सोमवारीं एकाचें पाणी, मंगळवारीं दुसऱ्याचें. पाळी नीट चालली तर चौघांचींही पिकें उभीं राहतात. ती मोडली तर विहिरींत पाणी असूनही भांडण आणि कोरडें शेत एवढेंच हातीं लागतें. आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो वरवर पाहतां विहिरीपासून फार दूरचा वाटेल. एकच संगणक अनेक विद्यार्थ्यांनीं, विशेषतः प्रोग्रॅम लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं, कसा वापरावा, हा तो विषय होय. परंतु मूळ प्रश्न तोच आहे. वस्तु एक, वापरणारे अनेक, आणि प्रत्येकाचा हक्क शाबूत राहिला पाहिजे.

धाराशिव जिल्ह्यांतील परंडा हें तालुक्याचें गांव घेऊं. प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ विजापुरास जाण्यापूर्वीं ज्या भुईकोटांत होती, तो किल्ला याच गांवचा. अशा गांवीं एखाद्या प्रशालेंत एक बऱ्यापैकीं संगणक आहे आणि प्रोग्रॅम शिकूं इच्छिणारीं मुलें ४० आहेत, अशी कल्पना करा. सर्व मुलें एकाच नांवानें संगणक उघडतात आणि एकाच फोल्डरमध्यें आपापलें लिखाण ठेवतात. एका मुलीनें ‘हिशेब’ नांवाची फाइल केली. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या मुलानें त्याच नांवाची आपली फाइल तिच्यावर ठेवली, आणि त्या मुलीचें आठ दिवसांचें काम नाहींसें झालें. वाईट हेतु कोणाचाच नव्हता. तरी नुकसान झालें. आणि ज्याच्या घरीं दुसरा संगणक आहे त्याला तें भरून काढतां येतें, जिच्या घरीं तो नाहीं तिला येत नाहीं. म्हणून या प्रश्नाकडे केवळ यंत्राची एक सोय या दृष्टीनें पाहून भागणार नाहीं. सामायिक वस्तूची व्यवस्था बिघडली म्हणजे तिचा पहिला फटका, ज्याला ती वस्तु सोडून दुसरा आधार नाहीं, त्यालाच बसतो.

प्रथम, प्रोग्रॅम लिहिणाराचा सरंजाम म्हणजे काय, तें पाहूं. सुतारास रंधा, पटाशी, करवत लागते, तसा या कामासही सरंजाम लागतो. मजकूर लिहिण्यासाठीं एडिटर. लिहिलेला मजकूर यंत्रास समजेल अशा रूपांत उतरविणारा कंपायलर किंवा इंटरप्रिटर. इतरांनीं पूर्वीं लिहून ठेवलेल्या उपयुक्त प्रोग्रॅमांचे संग्रह, ज्यांस लायब्ररी म्हणतात. आणि या सर्वांचा मेळ घालणाऱ्या बारीकसारीक नोंदी, म्हणजे सेटिंग. या चारींस मिळून मी ‘सरंजाम’ हा एकच शब्द वापरणार आहे.

सुताराची पटाशी वीस वर्षें तीच राहते. प्रोग्रॅमचा सरंजाम मात्र सारखा बदलत असतो, आणि सर्व अडचणींचें मूळ येथें आहे. पायथन ही आज शिकणारांत फार लोकप्रिय असलेली भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिची तिसरी आवृत्ति २००८ सालीं निघाली. सातास दोननें भाग द्या, असें दुसऱ्या आवृत्तीस सांगितलें तर ती अपूर्णांक टाकून ३ हें उत्तर देत असे. तिसरी आवृत्ति ३.५ हें उत्तर देते. चिन्हें तींच, अंक तेच, उत्तर निराळें. एखाद्या शिक्षकानें मुलांच्या गुणांची सरासरी काढण्यासाठीं प्रोग्रॅम लिहिला असेल, तर कोणत्या आवृत्तीवर तो चालला यावर निकाल अवलंबून राहील. यंत्र कोठेंही अडणार नाहीं, चूक झाल्याची सूचना देणार नाहीं. उत्तर मात्र बदललेलें असेल. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं थांबली हें खरें, तथापि असले फरक लहानमोठ्या प्रमाणांत सर्वच भाषांत आणि लायब्रऱ्यांत आजही होत असतात. एका विद्यार्थ्याच्या कामासाठीं लायब्ररी नवी करावी, तर दुसऱ्या पांच जणांचें जुनें काम बंद पडतें. तेव्हां सरंजाम सामायिक असावा कीं स्वतंत्र, या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. कांहीं भाग सामायिक ठेवावा लागतो, कांहीं स्वतंत्र. तो कोणता, हें ठरविणें हीच खरी विद्या.

या विद्येचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हा या देशांत बांधलेला संगणक १९६० सालीं काम करूं लागला. १९६४ सालीं त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हा अमेरिकन बनावटीचा मोठा संगणक आला, आणि देशांतील अनेक संस्थांचे संशोधक त्यावर आपलीं गणितें करून घेऊं लागले. म्हणजे एक यंत्र अनेकांनीं वापरणें आपल्याकडे प्रारंभापासूनच होतें. परंतु त्या काळची रीत अशी कीं, प्रोग्रॅम छिद्रें पाडलेल्या कार्डांवर उतरवावा, कार्डांचा गठ्ठा यंत्रशाळेंत द्यावा आणि पाळी येईपर्यंत वाट पहावी. एक स्वल्पविराम चुकला तर गठ्ठा तसाच परत यावयाचा. चूक दुरुस्त करून पुन्हां रांगेंत उभें राहावयाचें. यंत्र क्षणभरही रिकामें राहूं नये म्हणून माणसानें तासन् तास रिकामें बसावें, असा तो प्रकार होता. यंत्र अतिशय महाग आणि मनुष्याचा वेळ स्वस्त, या समजुतीवर ती सारी व्यवस्था उभी होती.

ही समजूत बदलण्याचा विचार जॉन मॅकार्थी यांनीं १९५९ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत मांडला. त्याच संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें तो प्रत्यक्ष करून दाखविला. या पद्धतीस कालविभागणी म्हणूं. तिचें तत्त्व सोपें आहे. मनुष्य टंकलेखन करतांना सेकंदास फार तर पांच-सात अक्षरें उमटवितो, आणि मध्येंच विचार करीत थांबतो. त्या अवकाशांत संगणक लाखों क्रिया करूं शकतो. आजचे संगणक तर सेकंदास अब्जावधि क्रिया करतात. मग एकाच्या दोन अक्षरांमधील रिकामा काळ दुसऱ्यास कां देऊं नये? समजा, ४० विद्यार्थी एका यंत्रास जोडले आहेत, आणि प्रत्येकास पाळीपाळीनें सेकंदाचा दोनशेवा भाग मिळतो. चाळिसांची एक फेरी पुरी होण्यास सेकंदाचा पांचवा भाग लागेल. म्हणजे प्रत्येकाकडे यंत्र सेकंदांतून पांच वेळां वळेल, आणि यंत्र माझ्या एकट्याचेंच आहे असें प्रत्येकास वाटेल. यांत विहिरीच्या पाळीहून एक मोठा लाभ आहे. मंगळवारच्या धन्यानें पंप चालविला नाहीं तर त्याची पाळी फुकट जाते. संगणकाच्या पाळींत ज्याला त्या क्षणीं काम नाहीं त्याला ओलांडून यंत्र लगेच पुढच्याकडे जातें. चाळिसांपैकीं बहुतेक जण कोणत्याही क्षणीं वाचीत किंवा विचार करीत असतात, म्हणून प्रत्यक्ष फेरी याहून पुष्कळच लवकर पुरी होते.

१९६४ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतीलच डार्टमथ महाविद्यालयांत जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्‌झ या गणिताच्या प्राध्यापकांनीं या तत्त्वावर चालणारी व्यवस्था आणि तिच्यासाठीं बेसिक ही सोपी भाषा सुरू केली. त्यांचा आग्रह असा कीं, वाङ्मयाच्या विद्यार्थ्यासही संगणक वापरतां आला पाहिजे. ग्रंथालयांतील पुस्तक जसें कोणीही फळीवरून उचलून पाहूं शकतो, तसा संगणक सर्वांस खुला असावा. आपल्याकडेही १९७० नंतरच्या दशकांत टाटा संस्थेच्या आश्रयानें चालणाऱ्या राष्ट्रीय केंद्रांत कालविभागणीवर चालणारा डेक-१० हा संगणक आला. त्या केंद्राचें पुढें एनसीएसटी या संस्थेंत रूपांतर झालें, आणि ती संस्था २००३ सालीं सी-डॅकमध्यें विलीन झाली.

श्रोतेहो, काळ वांटून देणें त्या मानानें सोपें ठरलें. वस्तु वांटून देणें अधिक अवघड होतें, आणि तो धडा एमआयटीच्या त्या पहिल्याच व्यवस्थेनें शिकविला. हकीगत १९६० नंतरच्या दशकाच्या मध्याची आहे. तेथील एडिटर असा लिहिला होता कीं, काम चालू असतांना तो एका ठराविक नांवाची तात्पुरती फाइल तयार करी. एका वेळीं एकच मनुष्य एका फोल्डरांत काम करील, हें त्यांत गृहीत धरलेलें होतें. एके दिवशीं व्यवस्था पाहणारे दोघे जण एकाच वेळीं काम करीत होते. एक जण सर्वांस दाखवावयाची दिवसाची सूचना लिहीत होता. दुसरा सर्वांच्या पासवर्डची यादी दुरुस्त करीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइली एकाच नांवाच्या निघाल्या आणि त्यांची अदलाबदल झाली. परिणाम असा कीं, त्यानंतर जो कोणी यंत्रावर आला त्याच्यापुढें दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांचे पासवर्ड उमटूं लागले. ही गोष्ट पुढें स्वतः कोर्बाटो यांनीं, ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांत सांगितली. परंड्याच्या आपल्या कल्पित प्रशालेंतील ‘हिशेब’ फाइलीची आणि या हकीगतीची जात एकच आहे. एकट्यासाठीं केलेली वस्तु कांहीं न बदलतां अनेकांच्या हातीं दिली, कीं ती अशी दगा देते.

हा धडा घेऊन जी व्यवस्था उभी राहिली, तिचा सर्वांत टिकाऊ नमुना म्हणजे युनिक्स. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनीं तिचा पाया घातला. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें त्याच धर्तीवर लिनक्स प्रसिद्ध केली. लिनक्स विनामूल्य मिळते, आणि सी-डॅकनें तयार केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. म्हणून खेड्यापाड्यांतील शाळांच्या दृष्टीनें तीच विचारांत घेणें योग्य होईल.

या व्यवस्थेंत प्रत्येक मनुष्यास स्वतंत्र नांव आणि पासवर्ड असतो. पासवर्ड जसाच्या तसा कोठें लिहून ठेवीत नाहींत. ज्यावरून उलट मार्गानें मूळ शब्द काढतां येणार नाहीं अशा गणितानें बदललेलें त्याचें रूप तेवढें ठेवतात. प्रत्येकास स्वतःचें एक फोल्डर मिळतें, त्यास घर म्हणतात. शिवाय कांहीं जणांचा मिळून एक गट करतां येतो. उदाहरणार्थ, नववीचा गट, दहावीचा गट. मग प्रत्येक फाइलीवर तीन प्रकारच्या लोकांसाठीं तीन प्रकारच्या परवानग्या लिहिलेल्या असतात. लोक तीन: फाइलीचा धनी, त्याचा गट आणि इतर सर्व. परवानग्या तीन: वाचणें, लिहिणें आणि चालविणें. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे अंक दिले आहेत, आणि त्यांची बेरीज करून परवानगी लिहितात. फाइलीवर ६४० असा आंकडा असला तर त्याचा अर्थ असा: धन्यास ६, म्हणजे वाचणें व लिहिणें, गटास ४, म्हणजे केवळ वाचणें, इतरांस शून्य. एवढ्या लहानशा युक्तीनें सामायिक यंत्रावर प्रत्येकाचें खाजगी जग निर्माण होतें. त्या मुलीची ‘हिशेब’ फाइल तिच्या घरीं असती, तर दुसऱ्या कोणाही मुलाची त्याच नांवाची फाइल आपल्या घरीं सुखानें नांदली असती.

सर्वांस लिहितां येईल असें एखादें सामायिक फोल्डरही लागतेंच. त्यासाठीं आणखी दोन खुणा आहेत. पहिली खूण लावली म्हणजे त्या फोल्डरांत जन्मणारी प्रत्येक फाइल आपोआप गटाच्या मालकीची होते, म्हणून गटांतील सर्वांस ती हाताळतां येईल अशी परवानगी सहज ठेवतां येते. दुसरी खूण अशी कीं, फोल्डरांत कोणीही वस्तु ठेवावी, परंतु काढण्याचा अधिकार ठेवणारासच असावा. गांवच्या चावडींत कोणीही आपलें गाठोडें ठेवावें, पण दुसऱ्याचें उचलूं नये, असाच हा नियम आहे.

आतां मूळ सरंजामाकडे वळूं. कंपायलर, एडिटर आणि मोठ्या लायब्रऱ्या यांची एकच प्रति सर्वांसाठीं ठेवावी. ती सर्वांस वाचतां आणि चालवितां यावी, परंतु बदलतां येऊं नये. यांत जागेची बचत तर आहेच, पण स्मृतीचीही आहे. दहा विद्यार्थ्यांनीं एकाच वेळीं एकच कंपायलर चालविला, तर त्याच्या न बदलणाऱ्या भागाची एकच प्रति यंत्राच्या स्मृतींत राहते आणि दहाही जण तीच वाचतात. प्रत्येकाचें स्वतःचें लिखाण आणि आंकडे तेवढे निराळे राहतात.

परंतु एकास नवी लायब्ररी हवी आणि दुसऱ्यास जुनी, त्याचें काय करावें? याचें उत्तर समजण्यासाठीं, संगणक एखादी वस्तु कशी शोधतो तें पाहिलें पाहिजे. आपण ‘पायथन’ असें नांव लिहिलें म्हणजे संगणक आपल्याजवळची फोल्डरांची एक यादी घेतो आणि पहिल्या फोल्डरापासून क्रमानें शोधूं लागतो. जेथें तें नांव प्रथम सांपडेल तेथें तो थांबतो. ही यादी प्रत्येक मनुष्याची निराळी असूं शकते. तेव्हां आपल्या घरांतील एक फोल्डर या यादीच्या अग्रभागीं घातलें कीं झालें. आपल्याला हवी ती आवृत्ति त्यांत ठेवावी; संगणकास ती आधीं दिसेल, आणि इतरांच्या यादींत तें फोल्डर नसल्यामुळें त्यांना त्याची गंधवार्ताही लागणार नाहीं.

पायथनमध्यें याच कल्पनेस व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असें म्हणतात, आणि २०१२ सालीं आलेल्या ३.३ या आवृत्तीपासून ती सोय भाषेबरोबरच मिळते. प्रत्येक कामासाठीं एक निराळें फोल्डर होतें. त्यांत त्या कामापुरत्या लायब्रऱ्या राहतात. लिनक्सवर मूळ इंटरप्रिटरची पुन्हां नक्कल होत नाहीं, केवळ त्याच्याकडे बोट दाखविणारी खूण ठेवलेली असते. म्हणून रिकामा सरंजाम फार जागा खात नाहीं. कोणत्या लायब्रऱ्या आणि त्यांच्या कोणत्या आवृत्ति वापरल्या, याची यादी एका साध्या फाइलींत लिहून ठेवावी. मग तो सरंजाम मोडला तरी किंवा विद्यार्थी दुसऱ्या गांवीं गेला तरी, त्या यादीवरून तो पुन्हां उभा करतां येतो. सामायिक सरंजामांत कोणीही सहज ढवळाढवळ करूं नये, याची काळजी आतां प्रणालीच घेऊं लागल्या आहेत. डेबियन लिनक्सची १२ वी आवृत्ति २०२३ सालीं निघाली. तिच्यांत पायथनच्या नेहमींच्या आज्ञेनें सर्वांच्या सरंजामांत लायब्ररी घालूं लागल्यास ती आज्ञा नाकारली जाते आणि स्वतंत्र सरंजाम करण्याचा सल्ला मिळतो. याच्याही पुढची पायरी म्हणजे कंटेनर. त्यांत लायब्रऱ्यांबरोबर प्रणालीचा वरचा बराचसा भागही निराळा बांधून देतात. २०१३ सालीं निघालेल्या डॉकरमुळें ही रीत सर्वत्र पसरली. शाळेच्या कामास मात्र ती बहुधा लागत नाहीं.

ही सारी खटाटोप केवळ गरीब शाळांसाठीं आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिति उलट आहे. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें परम ८००० हा महासंगणक तयार केला. आज पुण्याच्या आयसर संस्थेंत परम ब्रह्म आहे. नारायणगांवजवळच्या महाकाय दुर्बिणीच्या केंद्रासाठीं परम रुद्र मालिकेंतील महासंगणक २०२४ सालीं राष्ट्रास अर्पण झाला. असा महासंगणक कोणा एकाचा नसतोच. रसायनशास्त्रज्ञास एक कंपायलर हवा, ज्योतिर्विदास दुसरा. अशा यंत्रांवर ‘मॉड्यूल’ नांवाची एक सोय जगभर रूढ आहे. तिची कल्पना १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. एकाच कंपायलरच्या अनेक आवृत्ति शेजारीं शेजारीं ठेवलेल्या असतात, आणि संशोधक एक आज्ञा देऊन आपल्यास हवी ती आवृत्ति आपल्यापुरती पुढें घेतो. ती आज्ञा करते काय, तर आतांच सांगितलेली शोधण्याची यादी बदलते. म्हणजे परंड्याच्या प्रशालेस जी युक्ति उपयोगी, तीच महासंगणकासही उपयोगी आहे. यंत्र लहान असो कीं मोठें, सामायिकपणाचे नियम तेच.

आतां आपल्या त्या एका संगणकाची आणि ४० मुलांची व्यवस्था कशी लावावी, तें सांगतों. प्रत्येक मुलास स्वतःचें नांव आणि पासवर्ड द्यावा. सर्वांसाठीं एकच पासवर्ड करून तो भिंतीवर लिहूं नये. शिक्षकाचे धडे असलेलें फोल्डर सर्वांनीं वाचावें, बदलूं नये. गटाच्या कामासाठीं एक सामायिक फोल्डर असावें, आणि वर सांगितलेल्या दोन्ही खुणा त्यास लावाव्या. प्रत्येकाच्या घरास जागेची मर्यादा घालावी. नाहींतर एका मुलाचे चित्रपट चाळिसांची जागा व्यापतील. स्मृतीचा हिशेबही आधींच करावा. समजा, एका विद्यार्थ्याच्या कामास २०० एमबी रॅम लागते. तर ४० जणांस एकाच वेळीं सुमारें ८ जीबी लागेल. तेवढी नसल्यास दहा-दहांचे गट करावे, म्हणजे २ जीबींत भागेल, आणि प्रणालीच्या स्वतःच्या गरजेपुरती रॅम वर ठेवावी. एकाचा चुकलेला प्रोग्रॅम अखंड फिरत राहून सर्वांचें काम अडवूं नये, म्हणून प्रत्येकाच्या वांट्यास वरची मर्यादाही ठरवून देतां येते. आणि आठवड्यांतून एकदां सर्वांच्या घरांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.

पडदा एक आणि मुलें अनेक, ही अडचण राहतेच. तिच्यावर दोन उपाय आहेत. शाळेंत मोडीत काढलेले जुने संगणक असतात. ते स्वतः नवे प्रोग्रॅम चालवूं शकत नाहींत, परंतु तारेनें मुख्य संगणकास जोडून त्यांचा केवळ पडदा आणि कळफलक म्हणून उत्तम उपयोग होतो. दुसरा उपाय मोबाइलचा. ज्युपिटरहब या विनामूल्य प्रोग्रॅमनें मुख्य संगणकावरील प्रत्येकाचा सरंजाम ब्राउझरमधून उघडतां येतो. शाळेंतील वाय-फाय पुरे. एकदां सर्व बसविल्यावर बाहेरच्या इंटरनेटची गरज राहत नाहीं. मोबाइलवर लांब प्रोग्रॅम लिहिणें त्रासाचें आहे हें खरें, परंतु धड्यांतील लहान उदाहरणें सोडविण्यास तो चालतो. शिक्षकांस शिकावयाचें असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल या उपक्रमांत लिनक्स आणि पायथन यांचे मराठींतून सांगितलेले धडे विनामूल्य मिळतात.

या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत. यंत्र एक असल्यामुळें तें बिघडलें, किंवा वीज गेली, कीं सर्वांचेंच काम थांबतें. म्हणून पडदे स्वस्त घ्यावे, पण मुख्य संगणकास बॅटरीचा आधार अवश्य द्यावा. दुसरा दोष अधिक नाजूक आहे. सर्व परवानग्यांच्या वर एक व्यवस्थापक असतो. त्यास कोणाचेंही घर उघडतां येतें. परंड्याच्या किल्ल्यास खंदक आहे, तट आहे, बुरूज आहेत. परंतु आंतल्या किल्लेदारापुढें यांपैकीं कशाचाच उपयोग होत नाहीं. किल्लेदार विश्वासू असावा लागतो. म्हणून हा अधिकार एकदोन जबाबदार माणसांपाशींच असावा, त्यांनीं रोजचें काम साध्या नांवानेंच करावें, आणि अधिकाराचें नांव लागेल तेवढ्यापुरतेंच वापरावें. मुलांसही हें स्पष्ट सांगावें कीं, तुमचें घर तुमच्या सोबत्यांपासून सुरक्षित आहे, व्यवस्थापकापासून नाहीं. खरें काय आहे तें ठाऊक असलें म्हणजे मुलें आपली काळजी आपण घेतात.

कोणी म्हणतील, आतां संगणक स्वस्त झाले आहेत. प्रत्येकास एक दिला म्हणजे हा खटाटोप कशाला? देतां आला तर अवश्य द्यावा. परंतु प्रत्येकास देईपर्यंत थांबावयाचें, तर आज शाळेंत असलेल्या मुलांची पाळी निघून जाईल. शिवाय एकट्याच्या संगणकावर न मिळणारें एक शिक्षण सामायिक संगणकावर मिळतें. आपल्या नांवाची वस्तु आपल्या जागीं ठेवावी, सर्वांची वस्तु न विचारतां बदलूं नये, आपण काय वापरलें याची यादी दुसऱ्यास समजेल अशी लिहून ठेवावी, आणि यंत्राचा आपला वांटा संपला कीं तो सोडावा, ह्या संवयी प्रोग्रॅम लिहिणारास जन्मभर उपयोगी पडतात. कारण पुढें तो ज्या कोणत्या मोठ्या यंत्रावर काम करील, तें यंत्रही सामायिकच असणार आहे.

तेव्हां ज्या शाळेंत एकच संगणक आहे तेथील शिक्षकांस माझी विनंति एवढीच कीं, या आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्यास त्याचें स्वतःचें नांव आणि स्वतःचें घर त्या यंत्रावर करून द्यावें. त्यास पैसा लागत नाहीं. एका दुपारचें काम आहे. पाळी लावून दिल्यावर विहीर चौघांस पुरते, हें आपल्या गांवांतील लोकांस कोणी सांगावयास नको.